ओळखीतली साइट

डोंबिवलीच्या भावना पेडणेकर बी.ए. झालेल्या. शिक्षण असूनही विजेचं बिल त्या अजून खिडकीपाशी उभ्या राहून भरतात. कृतिका, त्यांची सव्वीस वर्षांची मुलगी, ऐरोलीला नोकरी करते. तिने आईला कितीदा तरी समजावलंय की इंटरनेटवर पत्त्याच्या ओळीत कुलपाचं चिन्ह दिसलं की साइट बरी समजायची. भावनाताईंना ते पटत नाही. कुलूप काय, चोरही आपल्या घराला लावतोच. उलट दूधवाल्याकडे घराची किल्ली ठेवताना त्यांनी क्षणभरही विचार केला नव्हता, कारण तो त्यांच्या मामाच्या गावचा.

स्थळांच्या साइटचंही असंच झालं. नवरा, संदेश, म्हणाला होता, मोठ्या नावाजलेल्या साइटवर कृतिकाचं नाव घाल. तिथे उघडल्याबरोबर पगार, उंची, रंग असले रकाने आले आणि भावनाताईंनी ती बंद केली. मग बहिणीने एक छोटी साइट पाठवली. वर गणपती, खाली कुलदैवतांची यादी, आणि साधा फोन नंबर. त्यांनी फोन लावला. पलीकडच्या गृहस्थांनी दोन वाक्यांत बोलण्यावरून मुलूख ओळखला.

"तुमचा म्हायार खंय?"

गोविंदा परब. गाव मालवणजवळचं, भावनाताईंच्या माहेरापासून तीन कोसांवर. त्यांची आत्या आणि भावनाताईंची काकू एकाच वाडीतल्या निघाल्या. चौकशी अजून कशाची करायची? त्याच दुपारी कृतिकाची पत्रिका, नोकरीची माहिती, फोटो, नंबर सगळं गेलं. कृतिकाला आधी सांगितलं नव्हतं. स्थळ आल्यावर सांगू, असं त्यांच्या मनात होतं.

आठवड्याने कृतिकाला अनोळखी फोन येऊ लागले. एकाने तिच्या ऑफिसचं नाव घेतलं, दुसऱ्याने "फोटोपेक्षा गोऱ्या आहात का" म्हणून विचारलं. तिने कारण शोधून काढलं तेव्हा ती ओरडली नाही. फक्त म्हणाली, "आई, तू त्यांना काय विचारलंस?"

"सगळं विचारलं. घरचे कोण, कुठले."

"आणि माझा नंबर कोणाला दिसणार, ते?"

हे विचारायचं असतं हे भावनाताईंना सुचलंच नव्हतं. फसलो, असं त्यांनी मनाशी धरलं आणि साइटवरचा पत्ता घेऊन ठाण्याला, कोपरीत गेल्या. पत्ता खोटा निघेल अशी त्यांची खात्री होती.

पत्ता खरा होता. परबही खरे होते. निवृत्त, पांढरा लेंगा, समोर जुना संगणक. त्यांनी बायकोला चहा टाकायला सांगितलं. एक पैसा घेत नाहीत, बारा वर्षांत साठेक लग्नं जमवली, हेही खरंच असावं. फोटो-नंबरासकट पत्रिका मोबाइलवरच्या सतरा गटांवर पाठवल्याचं त्यांनी अभिमानाने सांगितलं.

"सगळ्यांना?" भावनाताई म्हणाल्या.

"वहिनी, सगळी आपलीच माणसं. परक्यांत नाय टाकलंय."

नाव काढा म्हणताना भावनाताईंची जीभ अडखळली. परबांनी काढलं, पण चेहरा उतरला. गटांवर गेलेलं मात्र परत घेता येणार नव्हतं, हे त्यांनाही आत्ताच कळत होतं. परबकाकूंनी निघताना हळदकुंकू लावलं.

परतताना भावनाताईंना राग कुणावर धरावा ते उमगेना. माणूस लबाड असता तर सोपं होतं. त्यांची पारख चुकली नव्हती, आणि मुलीचा फोटो तरीही सतरा गटांत फिरत होता. मग पारख कशाची करायची होती?

शनिवारी कृतिकाने नवीन नंबर घेतला. वडिलांना तो लगेच दिला. आईला दिला नाही.

"मला दे ना गं," भावनाताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

कृतिका दारात येऊन उभी राहिली. "देते. पण मला विचारल्याशिवाय कुणाला द्यायचा नाही. मावशीलासुद्धा."

सख्ख्या बहिणीला नाही म्हणायचं? भावनाताईंनी गॅस बारीक केला. हो म्हणायला त्यांना बराच वेळ लागला, आणि कृतिका तोवर थांबली.