आतून डॉली कोणी धरली?

मी डेंटर माणूस. गाड्यांचा चेपलेला पत्रा ठोकतो, भूतबित मानत नाही... ग्रुपवरच्या अशा पोस्टी वाचून हसणाऱ्यांपैकीच एक. आता पाळी तुमची. हसा, हरकत नाही.

जाम गावच्या चौकातून हिंगणघाटकडे निघालं की आमचं टिनाचं शेड लागतं. मी आणि माझा मोठा भाऊ, दोघंच. मागच्या हिवाळ्यात रोहण्याचे एक रिटायर मास्तर आपल्या वडिलांचा जुना नाकवाला, म्हणजे इंजिन केबिनच्या पुढे असलेला, ट्रक घेऊन आले. कधीकाळी जोरात ब्रेक लागून मागचे सागाचे ओंडके केबिनवर आदळले होते, मागची भिंत पार दबलेली. मास्तरांची अट एकच — नवा पत्रा नको, जुनाच सरळ करा.

अशा कामाला दोघं लागतात. मी मागे हौद्यात उभा राहून बाहेरून हातोडी मारणार, दादा केबिनमध्ये बसून आतून लोखंडी ठोकळा — आम्ही डॉली म्हणतो — पत्र्याला दाबून धरणार. डॉली हलली की जुना पत्रा फाटलाच. आणि दादाचा हात वर्षभरापासून थरथरत होता, त्यापायी पत्रे फाटलेही होते. सकाळीच तो म्हणाला, "हे बी फाटलं तं मी शेडवर येत नाई आता." मला जेवण गेलं नाही.

दुपारी मी हौद्यात चढलो. "दादा, धर," म्हटलं आणि सुरू केलं. मागे डॉली असली की पत्रा टणटण वाजतो, नसली की भद्द. त्या दिवशी आवाज खणखणीत होता. "जरा डावीकडं घे." डॉली डावीकडं सरकली. "खाली." खाली गेली. मला इतका आनंद झाला की बोलूनही गेलो, "दादा, हात बरा झाला तुझा."

तेवढ्यात समोरच्या पानठेल्यावरून दादा रस्ता ओलांडून आला. "माह्याशिवाय काऊन सुरू केलं बे?"

माझी हातोडी थांबली. आणि आतून... टण. एकदाच. मी न मारता.

दार उघडलं. केबिन रिकामी. सीट आधीच काढलेली, लपायला जागा नाही. डॉली खाली पडलेली.

मी म्हटलं, आज राहू दे. पण दादा सरळ झालेल्या पत्र्यावरून हात फिरवत राहिला. मग जे बोलला, ते मला त्या आवाजापेक्षा जास्त लागलं. "कोनी इतकं चांगलं धरून राह्यलं, तं मंग मी कायले पाह्यजे?" आणि मी नको नको म्हणत असताना आत चढला. "मार," म्हणाला.

जीव मुठीत धरून मारलं. डॉली तसूभर हलली नाही. सगळी भिंत सरळ झाली, कुठे चीर नाही.

दादा उतरला तो घामानं निथळत. "तू खिडकीतून हात घातला होता काय?"

माझ्या एका हातात हातोडी होती, दुसरा पत्र्यावर. "नाई. काऊन?"

"माह्या मनगटावर हात होता कोनाचा तरी. गच्च."

मास्तर ट्रक न्यायला आले, तेव्हा ओंडके आदळले त्या वेळी केबिनमध्ये कोण बसलं होतं हे विचारायचं माझ्या ओठावर आलं होतं. दादानं नजरेनंच गप्प केलं.

मनाचे खेळ म्हणाल. असतील. दोघांच्या मनाचे एकाच दुपारी कसे, ते मला अजून कळलेलं नाही. दादाचा हात पुन्हा थरथरतो आहे. पण शेडवर रोज येतो. हायवेवर एखादा जुना नाकवाला ट्रक हळू झाला की सगळं सोडून उठतो, हात धुतो आणि ते मनगट चोळत रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहतो. मी तेव्हा त्याच्याकडे बघत नाही.