साहेबांच्या नजरेखालून

मी बी.कॉम. झाले याचं कौतुक करायला कुणी आलं की माझी नजर आपोआप खाली जाते. लोकांना वाटतं, बाई किती साधी, किती विनयशील. विनय कसला डोंबलाचा, राग आहे तो. आणि तो निम्मा माझा माझ्यावरच आहे.

तारापूर एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत मी स्टोअरला कारकून होते. कंत्राटी, बारावी पास. मुरब्याहून सकाळी निघायचं, साडेआठला गेटवर कार्ड पंच करायचं, मग दिवसभर आलेले ड्रम मोजा, चलनं लावा, कॉम्प्युटरवर नोंदी करा. आमचे साहेब म्हणजे स्टोअरचे प्रमुख. तेही बारावीच, पण वीस वर्षं त्याच खुर्चीत. कंपनीचे मालक बदलले आणि नव्या लोकांनी पत्रक काढलं की यापुढे विभागप्रमुख पदवीधर हवा, तीन वर्षांची मुदत. साहेबांचं धाबं दणाणलं. त्याच पत्रकात खाली असंही होतं की कंत्राटी कारकुनांपैकी जो पदवी घेईल आणि ज्याची विभागप्रमुख शिफारस करतील, त्याला कायम करू. साहेबांनी वरचं वाचलं, मी खालचं वाचलं.

घरात आई आणि मी, दोघीच. आई मासळी सुकवून विकते. तिचे गुडघे गेलेत. मी कायम झाले असते तर तिला उन्हातून उठवता आलं असतं. मला एवढंच हवं होतं.

साहेब म्हणाले, तूही ऑनलाइन ॲडमिशन घे, आपण मिळून करू. त्या दिवशी मला हा माणूस देवमाणूस वाटला होता, बघा माझी अक्कल. मिळून म्हणजे काय ते महिन्याभरात कळलं. हजेरीपुरतं लेक्चर लागायचं ते त्यांच्या मोबाइलवर, मोबाइल पडलेला ड्रॉवरमध्ये, आणि तेच माझ्या मोबाइलवर ऐकून टिपणं काढणार मी, जेवणाच्या सुट्टीत, एका हाताने डबा खात. स्वाध्याय दोन लिहायचे, एक त्यांचा, एक माझा. पहिला साहेबांचा. मग तेच उत्तर माझ्यासाठी वेगळ्या शब्दांत, वेगळी उदाहरणं घालून. ऑनलाइन परीक्षा तेवढी कॅमेऱ्यासमोर त्यांची त्यांना द्यावी लागायची, पण तिचीही घोकंपट्टी मीच करून घ्यायची. तीन वर्षं मी एका फीमध्ये दोन बी.कॉम. केली. तक्रार कुणाकडे करणार? शिफारस त्यांच्याच हातात.

शेवटच्या सत्रात प्रोजेक्ट होता, साठ पानांचा, प्रत्यक्ष पाहणी करून लिहायचा. साहेबांनी ठरवलं होतं, आपल्या स्टोअरवरच करू. कंपनीने परवानगीच दिली नाही, आतली माहिती बाहेर जाते म्हणून. साहेब दुसरं काहीतरी बघतो म्हणाले, आणि पहिल्यांदाच मला लिही म्हणाले नाहीत. मी सुटले असं वाटलं मला.

मी माझा लिहिला तो सुक्या मासळीवर. म्हणजे खरं तर आईवर. आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्यासमोर वही घेऊन बसले. ती आधी लाजली, आमच्या धंद्यात काय हाय लिवण्यासारकं म्हणाली, पण एकदा सुरू झाली ती थांबेना. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत कसे अडकवायचे, म्हणजे जोडी दोरीवरून घसरत नाही. आभाळ आलं की आधी काय झाकायचं. व्यापारी वजनात कुठे हात मारतो. मी कामावरून आले की ती विचारायची, आज काय लिवशील? तिची तेवढी मिजास मी कधी पाहिली नव्हती. बांबूच्या मांडवाखाली बोंबील टांगतानाचा तिचा फोटो मी पाचव्या पानावर लावला.

आता माझा मूर्खपणा सांगते. स्टोअरमध्ये साहेबांची सही झाल्याशिवाय काही बाहेर जात नाही. रिकामा ड्रम असो, झाडू असो, गेटपासवर सही लागते, नाहीतर वॉचमन परत पाठवतो. सहा वर्षं तेच केल्यावर माणसाचा हात तसाच वळतो. प्रोजेक्ट पूर्ण झाला, अपलोडचं बटण समोर होतं, आणि मी बाईसाहेबांनी काय केलं? शुक्रवारी तो साहेबांना मेल केला. "साहेब, एकदा नजरेखालून घाला." कुणी मागितला होता? कुणीही नाही.

साहेब म्हणाले, छान झालाय, शुद्धलेखनाच्या थोड्या चुका आहेत, मी काढून ठेवतो, सोमवारपर्यंत थांब. मी थांबले. सोमवारी त्यांनी चार चुका दाखवल्या, मी दुरुस्त केल्या आणि प्रोजेक्ट टाकला.

तीन आठवड्यांनी विद्यापीठाचा मेल आला. माझा प्रोजेक्ट आधी आलेल्या दुसऱ्या प्रोजेक्टशी जवळजवळ शब्दशः जुळतो, निकाल रोखला आहे, सात दिवसांत खुलासा करा. आधीचा प्रोजेक्ट शनिवारी आला होता. सोबत त्याची काही पानं होती, वर साहेबांचं नाव. "माझी आई" होतं तिथे "एक स्थानिक महिला" केलं होतं. बाकी सगळं जसंच्या तसं, फोटोसुद्धा.

तळपायाची आग मस्तकात गेली. मी तडक केबिनमध्ये गेले आणि कागद पुढे आपटले. ते जराही दचकले नाहीत. म्हणाले, "अगं, मला वाटलं तू दुसरा लिहिशील. तुला काय अवघड आहे?"

मी तक्रार करू शकत होते. फोटोतली बाई माझी आई होती, शुक्रवारचा मेल माझ्याकडे होता. पण मग शिफारस गेली, कंत्राट मार्चमध्ये संपत होतं, आणि ते पुन्हा मिळणं न मिळणं त्यांच्याच हातात. घरी आईला सांगितलं. ती सुकलेला जवळा गोळा करत होती, हात थांबला तिचा. "मासली मी सुकवली, लिवलं तू, आन पास तो जाला?" मी म्हटलं, तसंच काहीसं. ती म्हणाली, सांग मंग त्यांना खरं. मी तिच्या शेजारी बसून जवळा गोळा करू लागले.

तोडगा साहेबांनीच काढला. त्यांनी विद्यापीठाला पत्र लिहायचं ठरवलं, म्हणजे मी लिहायचं. ते सांगत गेले, मी टाइप करत गेले: सदर विद्यार्थिनी माझ्या हाताखाली काम करते, तिने अजाणतेपणी माझ्या प्रोजेक्टचा आधार घेतला, मुलगी गुणी आहे, मी तिला माफ केले आहे, आपणही करावे. खाली माझी कबुली, माझ्या सहीने. टाइप करताना एक चूक केली नाही. नंतर बाथरूममध्ये जाऊन रडले. स्वतःची इतकी शिसारी मला आधी कधी आली नव्हती.

विद्यापीठाने माफ केलं. दुसरा प्रोजेक्ट द्या, काठावरचे गुण मिळतील. बोईसरच्या भाजीवाल्यांवर मी कसाबसा एक खरडला आणि पास झाले. साहेबांना फर्स्ट क्लास. खुर्ची राहिली, स्टोअरमध्ये पेढे वाटले, शब्दाला जागून शिफारसही केली. मी कायम झाले. त्यांच्याबद्दल वाईट बोलायची सोयसुद्धा त्यांनी ठेवली नाही.

कायम झाल्याचं पत्र घेऊन घरी गेले. आईला पेढा दिला, आता तू उन्हात बसू नकोस म्हटलं. तिने पेढा खाल्ला, बरं जालं म्हणाली. मग तिने विचारलं, ते माजं सांगितलेलं त्याच्याच नावावर रायलं का? मी हो म्हटलं. "तू लिवून दिलंस?" त्यालाही हो म्हणावं लागलं.

ती अजून उन्हात बसते. सुट्टीच्या दिवशी मी मदतीला जाते, शेजारी उकिडवी बसते. कधी बोंबील पिवळा का पडला, कधी आणखी काही, असंच सहज विचारते. आधी ती तासभर सांगायची. आता मान वर न करता एवढंच म्हणते, "सायबाला इचार. त्याच्या नावावर हाय."