तो भास नव्हता

शाळा सुटल्यावर केनवडच्या बाजारातून घरी निघालो होतो, तेव्हा कुणीतरी सांगितलं, शामराव टेलर गेला. मी त्या माणसावर ओरडलोच. परवाच तर शामरावला मशीनवर बसलेलं पाहिलं होतं! पन्नाशीही गाठली नव्हती त्यानं. महिना होऊन गेला, अजून डोकं सुन्न आहे...

बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या वर्षी पायात खिळा घुसून त्याला धनुर्वात झाला. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात, अतिदक्षता विभागातल्या अंधाऱ्या खोलीत ठेवलं होतं; दोस्त म्हणून सोबतीला मीच होतो. गळ्याला भोक पाडून श्वासाची नळी घातलेली. ग्लानीत तो ती उपटू पाहायचा. नर्स मला म्हणाली, हात धरा, बांधावे लागतील. मी धरले. मनगटांना पट्ट्या आवळताना त्यानं डोळे उघडले आणि माझ्याकडे पाहिलं. बोलता तर येतच नव्हतं त्याला.

वाचला. आम्ही पेढे वाटले. पण घरी आलेला शामराव वेगळाच होता. दार लावलं की घामाघूम व्हायचा, भर दुपारी झोपेतून किंचाळत उठायचा. एकदा म्हणाला, "मास्तर, मले तिथं बांधलं होतं. तूच हात धरले होते माहे."

बांधले म्हणूनच तू वाचलास, एवढं सांगायचं होतं. पण त्याची ती नजर आठवली आणि मी कच खाल्ली. "तापात भास झाला असन तुले," म्हणालो. घरच्यांनीही माझीच री ओढली.

"असन बा," तो म्हणाला. तेव्हापासून त्याचा स्वतःवरचा भरवसाच उडाला. कापड कापण्याआधी तीन-तीनदा मापायचा आणि तरीही बायकोला विचारायचा, "बरोबर हाय न?" मी समोर बसून चहा पीत राहायचो.

माती झाल्यावर वहिनींनी सांगितलं, दोन दिवस छातीत दुखत होतं. त्यानं शपथ घातली होती, "मास्तरले सांगू नको. थो दवाखान्यात नेईन. भास असन, पण मले त्याच्या हाताचं भेव वाटते."

"वहिनी, भास नव्हता तो. मीच धरले होते हात."

"हे त्यायले सांगाले पायजे होतं, भाऊजी. थे सोताले येडं समजूनच गेले."

गेल्या दिवाळीला त्यानं शिवलेला शर्ट माझ्या खुंटीवर आहे. लांब बाह्या, पण मनगटाशी ना पट्टी, ना बटण. "कफ लावायचा विसरलास काय रे?" मी चिडवलं होतं. "मनगट मोकळं राहू दे, मास्तर," एवढंच म्हणाला होता. काल तो शर्ट हातात घेतला... आणि बाहीत हात घालायची हिंमत झाली नाही.