परतीची फेरी बाकी आहे

कतारमध्ये मेसईदच्या दक्षिणेला खाऱ्या जमिनीचं सपाट मैदान आहे. तिथे मी आणि आमच्या रत्नागिरीकराने जेट गाडी पळवली. आवाजाच्या पुढे गेली ती. मी मारलेली शिट्टी त्याला दुसऱ्या दिवशी कॅन्टीनमध्ये जेवताना ऐकू आली.

गाडी म्हणजे, आता तुम्ही विचारणारच, त्याचा जुना पिकअप. मागे एसीच्या डक्टचं टाकाऊ नळकांडं तारेने बांधलेलं. आम्ही दोघं प्लांटमध्ये गॅस टर्बाइनच्या देखभालीवर, म्हणजे जेट इंजिनाचा सख्खा चुलतभाऊ रोज आमच्या हाताखाली. पण तो जमिनीला बोल्टने जखडलेला. याचं रत्नागिरीकराला फार वाईट वाटायचं. "येवढा जोर, आनि बिचाऱ्याला कुठं जाता येत नाय," म्हणायचा. "आपल्यावानी."

दोह्याच्या बसमध्ये आम्ही वेगाच्या विक्रमांचे व्हिडिओ बघायचो. नियम त्यानेच मला शिकवला. नुसतं एका बाजूने जाऊन विक्रम होत नाही, वारा पाठीशी असू शकतो. तासाभरात वळून उलट यायचं. दोन्ही फेऱ्यांची सरासरी धरतात.

त्या शुक्रवारी तो मैदानाच्या पार टोकाला गेला आणि वळलाच नाही. मी धावत पोचलो तर स्टिअरिंगवर डोकं टेकून बसलेला, हात छातीवर. मी त्याला बाजूला सरकवलं आणि रस्त्याने सरळ हॉस्पिटल गाठलं. तेव्हा खरोखर जेटसारखी चालवली. यात थाप नाही.

बायपास करायचं ठरलं. त्याला ते गावाकडे, घरच्यांजवळ हवं होतं. एअरपोर्टवर मी दरडावलं, "परतीची फेरी तासाच्या आत. नाहीतर विक्रम बाद."

"थापाड्या, म्हयना तरी दे."

"नियम तुझाच आहे."

"इन्शाल्ला," तो म्हणाला. मग आत जाता जाता मागे वळून, "बॅटरी उतरू देव नको."

ऑपरेशनच्या दिवशी मी कॅन्टीनमध्ये सांगत सुटलो की डॉक्टर त्याच्या छातीत आमचंच टर्बाइन बसवणार आहेत, स्पेअर पार्टसाठी मला दोनदा फोन आला. लोक हसत होते. तेवढ्यात खरंच फोन वाजला. त्याचा थोरला भाऊ.

"झालं का ऑपरेशन?"

"खलास, भाऊ."

आता आमच्याकडे प्लांटवर अरबीतलं खलास, म्हणजे 'झालं'. नट आवळला की खलास, शिफ्ट सुटली की खलास, ताट रिकामं झालं की खलास. मी टेबलावर थाप मारली. "शाब्बास! सांगा त्याला, नळकांड्याला लाल रंग दिलाय. लवकर ये म्हणावं." आणि सगळ्यांना माझ्यातर्फे चहा सांगितला.

मग पलीकडून आवाज आला, "भाऊ, तुमाला समजलं नाय. तो गेला."

माझ्या गावीही खलास म्हणजे तेच. आखातात राहून मी माझ्याच भाषेतला एवढा साधा शब्द विसरलो होतो. तोवर चहा आला. माणसं येऊन हात मिळवत होती, मुबारक म्हणत होती, आणि इतकी वर्षं थापा मारलेल्या माझ्या तोंडातून खरं काही बाहेर पडेना. मीही चहा प्यायलो.

पुढच्या शुक्रवारी पिकअप घेऊन त्या टोकाला गेलो. तोंड उलट दिशेला केलं आणि निघालो. पत्रा मागे खडखडत होता. समोर घड्याळ धरायला कोणी नव्हतं. ते काम माझं असायचं. अर्ध्यात पोचलो आणि पाय आपोआप ब्रेकवर गेला. पलीकडे पोचलो असतो तर तो शब्द म्हणावा लागला असता. तिथूनच गाडी रस्त्याला काढली.

बॅटरी उतरू दिलेली नाही. कॅन्टीनमध्ये अजून कोणी ना कोणी चिडवतं, "काय, तुमची जेट कुठवर आली?"

मी सांगतो, वाटेत आहे. एवढ्या वेगात आहे, की दिसत नाही.