चपलांची उशी

पुण्याचं शिवाजीनगर सोडून मी बंगळूरला मुलाकडे, हेब्बाळला राहायला आले, ती स्वस्थ बसायला. ते मला जमलं नाही. स्वयंपाकघरातल्या डब्यांच्या जागा बदलून झाल्या, बाल्कनीतल्या कुंड्यांच्या झाल्या, तेव्हा सुनेनेच हात टेकले आणि शेजारच्या बाईंना सांगून मला कामाला लावलं. त्या बाई ज्या चर्चमध्ये जातात, त्याच्या मागच्या हॉलमध्ये बालवाडी चालते. मजुरांची, फुलवाल्यांची, फुटपाथवर राहणाऱ्यांची मुलं तिथे फुकट शिकतात, जेवतात, दुपारी झोपतात; खर्च चर्चची मंडळी उचलतात. हे चर्च कुठे, तर बंगळूरच्याही शिवाजीनगरला. देवाला विनोदाचं अंग आहे, हे मला त्या दिवशी पटलं.

बालवाडीच्या बाई मूळच्या निपाणीच्या. मुलांशी कानडी आणि तमिळ बोलत, माझ्याशी मराठी. सगळे त्यांना अक्का म्हणतात. वयाने माझ्या निम्म्या, पण धाक दुप्पट. त्यांचा एक नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ: चपला दाराबाहेर. ज्या फरशीवर मुलं जेवतात आणि झोपतात, तिथे रस्त्याची माती नको. मला हा नियम फार आवडला. मी तर माझ्या नव्या कोल्हापुरी पायरीच्या मधोमध ऐटीत काढून ठेवायची, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसाव्यात म्हणून.

मुलं मला अज्जी म्हणायची. त्यांतली एक चार वर्षांची कार्टी काही केल्या झोपत नसे. जेवण झालं, सतरंज्या पडल्या, की हिचा दिवस सुरू व्हायचा. शेजारच्याचा कान पिळ, त्याच्या शेजारच्याच्या तळव्याला गुदगुल्या कर. आणि आपली नजर वळली की ही दाराबाहेर. दोनदा तिला फाटकापाशी धरून आणली. फाटकाबाहेर बसगाड्यांची रांग.

दुसऱ्या वेळी अक्का मला म्हणाल्या, "काकू, उद्या काही झालं तर तिच्या आईला मी काय सांगू? परत पळाली तर मी तिला नाही ठेवून घेणार."

त्या रागाने बोलल्या असत्या तर मी भांडले असते. त्या शांतपणे बोलल्या, म्हणून मी घाबरले. इथून नाव निघालं असतं, तर पोरीचा दिवस बसस्टँडवर आईच्या फुलांच्या टोपलीपाशी, धुरात आणि लोकांच्या पायांत गेला असता.

मग मी उपाय सुरू केले. पहिला उपाय छोटीशी उशी. अभ्र्यावर स्वतः हत्ती भरला, तोही सोंडेत फूल धरलेला. पोरीने उशी दाबून पाहिली, थोपटली, शेजारच्या मुलाच्या डोक्याखाली सरकवली आणि त्याचाच कान पिळला. माझ्या हत्तीचा असा अपमान कोणी केला नव्हता.

मी तडक बसस्टँड गाठला. तिची आई मोगऱ्याचे गजरे विकते. माझं कानडी 'स्वल्प' आणि 'सरी' यापुढे जात नाही, पण तिला बाजारापुरतं हिंदी येतं. मी तक्रार सांगितली तर ती हसायलाच लागली. रात्री ते सगळे एका बंद दुकानाच्या पायरीवर झोपतात. तिथे जे डोक्याखाली नसेल, ते सकाळी नसतं. पोरीच्या आधीच्या चपला अशाच गेल्या. तेव्हापासून आईने तिला बजावून ठेवलंय, चपला डोक्याखाली घेतल्याशिवाय डोळे मिटायचे नाहीत. म्हणजे ही पोर पळत नव्हती. फाटकाशी उभी राहून आपल्या चपला कोण घेऊन जातंय यावर पहारा ठेवत होती.

हे सरळ जाऊन अक्कांना सांगता आलं असतं. पण एकीला सवलत दिली की सगळ्यांच्या चपला आत येतील, असं त्या म्हणणार. शिवाय खरं सांगते, चोरून करण्यात जी मजा आहे ती परवानगीत नाही. मी पोरीच्या गुलाबी स्लिपर नळाखाली साबण लावून घासल्या, ओढणीने पुसल्या, उशीतला कापूस काढला आणि हत्तीच्या पोटात स्लिपर भरल्या. पोरीने अभ्रा चाचपला. मग एक चोर दुसऱ्या चोराकडे बघतो तशी माझ्याकडे बघून हसली आणि घोरायला लागली.

अक्का थक्क. पुण्याची उशी भारी, असं त्या फादरनाही सांगून आल्या. सगळ्यांसाठी मागवता येतील का, असंही विचारलं. इथे मिळत नाहीत, म्हटलं मी.

एका शनिवारी सतरंज्या उन्हात टाकताना त्यांनी ती उशी भिंतीवर आपटली आणि त्यांच्या पायाशी एक गुलाबी स्लिपर पडली.

"काय हो काकू हे?"

मी एका दमात सगळं सांगून टाकलं. वर, या स्लिपर तुमच्या फरशीपेक्षा स्वच्छ आहेत, हेही जोडलं. त्याची गरज नव्हती. आता पोरीला काढणार, आणि तेही माझ्या आगाऊपणामुळे. अक्कांनी स्लिपर उचलली, तिचा तळ बोटाने घासून पाहिला. मग त्यांनी स्लिपर परत अभ्र्यात घातली.

"राहू दे तिला," त्या म्हणाल्या. "साबण तेवढा नीट लावत जा."

त्यानंतर पोर रोज उशी आणि स्लिपर घेऊन झोपायची. मला वाटलं, हे असंच चालणार.

परवा दुपारी मला लवकर निघायचं होतं. पायरीवर पाहते तर माझ्या कोल्हापुरी गायब. मी त्या शिवाजीनगरचा, तिथल्या भामट्यांचा आणि सगळ्या बंगळूरचा उद्धार केला. पायरीवर फक्त गुलाबी स्लिपर होत्या, उघड्यावर. त्या तिथे कशा, हा विचार मला त्या तोंडाच्या पट्ट्यात सुचलाच नाही. मग अक्कांनी मला बोटाने आत बोलावलं.

पोर गाढ झोपली होती. माझ्या कोल्हापुरी अभ्र्यात मावल्या नसाव्यात, म्हणून तशाच डोक्याखाली घेतल्या होत्या. मी अनवाणी तिथेच बसून राहिले. उठल्यावर तिने दोन्ही चपला आहेत ना ते पाहिलं, माझ्या पायांपुढे ठेवल्या आणि कानडीत काहीतरी म्हणाली.

"इथं तिच्या कोण नेत नाही म्हणे," अक्कांनी सांगितलं. "पण तुमच्या नव्या आहेत."

चपला पोरीने काही धुतल्या नव्हत्या. तिच्या गालावर मातीचा मोठा ठसा उमटला होता, आणि तो पाहूनही अक्कांनी नियमाचं नाव काढलं नाही.