कशाची कमी नाही

जिदहफ्समधल्या आमच्या इमारतीत दिवसभर दार सताड उघडं ठेवून बसणारी एकच बाई होती, खाला. जिन्यात पावलं वाजली की आतून हाक यायची, "कोण गो? चाय पिऊन जा!" सीफच्या मॉलमधल्या दुकानात नोकरीला दिवसभर उभी राहून माझ्या पायांचे तुकडे पडलेले असायचे, पण तिला चुकवून वर जायची माझी काय बिशाद! आणि खरं सांगायचं तर अख्ख्या बहारीनमध्ये माझी वाट पाहणारं दुसरं होतं तरी कोण?

खाला मूळची श्रीवर्धनची. नवरा बहारीनी, लग्नानंतर तीही इथलीच झाली. मूलबाळ नाही. नवरा गेला आणि त्याच्या नावावर घरभाड्यासाठी मिळणारी सरकारी मदत थांबली. आता तिच्या नावावर मिळाली तरच घर टिकणार होतं. रात्री ती नुसत्या पावावर भागवायची आणि मला मात्र चहाबरोबर खजूर खायला लावायची.

अर्ज केला. घरची परिस्थिती पाहायला एक बाई येणार म्हणून फोन आला आणि खालाच्या अंगात वारं शिरलं. शेजारणीचा गालिचा आला, खालच्या मजल्यावरून सोनेरी काठाचे पेले आले, माझ्या डब्यातले काजू बशीत गेले.

"अगं खाला, ती पाहुणी नाही. तुझी अडचण बघायला येतेय."

"उंबऱ्याच्या आत आली की पाव्हणीच! खलास."

त्या बाईने अगदी आपुलकीने विचारलं, घर चालवताना काही अडचण येते का? तेवढं अरबी मला कळत होतं. खाला तिचा पेला पुन्हा भरत हसून म्हणाली, "अल्हम्दुलिल्ला, कशाची कमी नाही."

मदत मिळाली नाही. पुन्हा अर्ज करू, या वेळी खरं सांगू, म्हणून मी तिच्याशी भांडले.

"एकदा कमी नाही म्हटलं गो. आता कुठल्या तोंडाने मागू?"

घर सोडून ती बुदैयाला, नवऱ्याच्या पुतण्याकडे राहायला गेली. इमारतीचा जिना मला खायला उठायचा. एका शुक्रवारी न राहवून तिच्याकडे गेले. व्हिलाच्या मागच्या अंगाला खोली, दार लावलेलं. मला बघून तिने हात घट्ट धरला तो सोडलाच नाही. श्रीवर्धनच्या गोष्टी काढल्या. पण नजर सारखी भिंतीपलीकडच्या स्वयंपाकघराकडे जात होती. चहासाठी तिथे जाऊन पुतण्याच्या बायकोला विचारावं लागलं असतं. चहा नकोच आहे, असं म्हणायचाही धीर होईना.

शेवटी तिनेच माझी पर्स उचलून माझ्या हातात दिली.

"निघ गो आता, उशीर होईल."

बाहेर अजून लख्ख ऊन होतं.