खोकला कमी आहे

दवाखान्याच्या ओट्यावर माणसांची रांग मी फारशी पाहिलीच नाही. रांग असायची बाटल्यांची. सकाळी सहाला जावं तर ओट्याच्या कडेनं वीस-पंचवीस बाटल्या ओळीनं उभ्या. कुणाची सरबताची धुऊन घेतलेली, कुणाची चपटी, कुणाची बूच हरवल्यामुळे कागदाचा बोळा कोंबलेली. आपली ओळखू यावी म्हणून प्रत्येकीला काहीतरी खूण. आमच्या बाटलीच्या गळ्याला मी लाल चिंधी बांधली होती, माझ्याच जुन्या ब्लाउजची.

ही गोष्ट वाशीची. खाडीवर नुसता मोटारींचा पूल होता आणि रेल्वे येणार येणार असं आम्ही ऐकत होतो, तेव्हाची. आम्ही साताऱ्याकडची माणसं. ह्यांना महाप्याच्या बाजूला एका रंगाच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून या नव्या शहरात आलो. नवं शहर म्हणजे काय, तर इमारती होत्या, सेक्टरचे नंबर होते, रुंद रस्ते होते, आणि हॉस्पिटलच्या जागेवर हॉस्पिटलची पाटी होती. पाटीच्या मागे कमरेएवढं गवत. मी पहिल्यांदा ती पाटी पाहिली तेव्हा ह्यांना म्हटलं, "चला, आजारी पडायला हरकत नाही." हे हसले होते.

तोवर सगळ्यांना मिळून एकच दवाखाना, दोन खोल्यांचा. सोमवारी आणि गुरुवारी उघडायचा. डॉक्टर पुलापलीकडून बसनं यायचे. पूल तुंबला तर अकराला, बस बंद पडली तर येतच नसत. तोवर बायामाणसांनी काय करायचं? घरी पाणी भरायचं असायचं, नवऱ्याचा डबा असायचा. म्हणून बाटली ठेवायची, निघून यायचं आणि साडेआठला खिडकी उघडायच्या वेळी परत जायचं. बाटली म्हणजेच माणूस. तिला कुणी हात लावायचा नाही, मागंपुढं करायचं नाही, असा दंडकच होता. एकदा एका बाईनं दुसरीची बाटली सरकवली तर ओट्यावर अशी जुंपली की बाहेरच्या पानवाल्यानं टपरी सोडून धाव घेतली. भांडणात मीही होते, खोटं कशाला बोलू?

पलीकडच्या जुन्या गावातली एक मावशी माझी रांगेतली जोडीदारीण. सासूच्या गुडघ्यांसाठी यायची. तिचं घर जवळ, त्यामुळे पहाटे तिचीच बाटली पहिली. मला उशीर व्हायचा असला तर आदल्या दिवशी मी माझी बाटली तिच्याकडे देऊन ठेवायची, आणि तिची भाताची मळणी आली की तिची बाटली मी सांभाळायची. "बाय, तुजी बाटली ती माजी बाटली," असं म्हणायची ती. गाडीच्या आवाजावरून ओळखायची, डॉक्टर येनार हाय का न्हाय. फार मायेची बाई.

ह्यांचा खोकला सुरू झाला तो दिवाळीनंतर. आधी कोरडा, मग रात्रंदिवस. पहिल्यांदा हे स्वतः आले, डॉक्टरांनी छातीला नळी लावली, कार्ड केलं आणि गुलाबी मिक्श्चर लिहून दिलं. त्यानंतर हे आलेच नाहीत. येणार कसे? शिफ्ट सातची. सुट्टी मागितली तर सुपरवायझर म्हणायचा, "कारखान्यात कोण खोकत नाही ते दाखव." मग बाटली घेऊन मी जायला लागले.

आता खिडकीचं सांगते, कारण सगळं त्या खिडकीतच झालं. खिडकीत कंपाउंडर बसायचा. बाटली उचलायचा, कार्ड काढायचा आणि विचारायचा, "कसं आहे?" याची उत्तरं तीनच. कमी, तसंच, किंवा जास्त. "तसंच" म्हटलं की तो कार्ड बाजूला ठेवायचा आणि डॉक्टर येईपर्यंत बाकावर बसा म्हणायचा. "जास्त" म्हटलं की, पेशंटला घेऊन या. आणि "कमी" म्हटलं की कार्डावर "कमी" लिहून लगेच बाटली भरायचा. वर कागदाची पट्टी डकवायचा, कात्रीनं डोसांच्या खाचा पाडलेली. सोमवारी सहा खाचा, गुरुवारी आठ. दुपारी डॉक्टर त्या सगळ्या कार्डांवर एकदम सह्या करायचे.

मग काय, आमच्या अख्ख्या वसाहतीला कमी असायचं! कुणी कुणाला शिकवलं नव्हतं. दोनदा बाकावर बसून घरी दूध नासलं की माणूस आपोआप शिकतो. ताप कमी, जुलाब कमी, सासूचे गुडघे कमी. त्या कार्डांवर विश्वास ठेवला असता तर वाशीएवढं निरोगी गाव पृथ्वीवर सापडलं नसतं. हे म्हणायचे, "सांग बरं आहे म्हणून, कशाला खोळंबतेस?" आणि मी सांगायची. "खोकला कमी आहे." खिडकीशी गेल्या गेल्या, त्यानं विचारायच्या आत. मला त्याचा अभिमान वाटायचा, हे आता सांगायला लाज वाटते. शेजारणी म्हणायच्या, तुझं काम पंधरा मिनिटांत होतं बाई, कसं जमवतेस?

असे चार महिने गेले.

ह्यांच्या खात्यात लाल रंग निघायचा. तो कुठं नसायचा ते विचारा! बनियन लाल, कानाच्या पाळीमागे लाल, आंघोळीचं पाणी मोरीतून गुलाबी वाहायचं. उशीचे अभ्रे मी केव्हाच गडद रंगाचे शिवून टाकले होते. कारखान्यामागचा नाला कधी लाल तर कधी हिरवा वाहायचा, आणि वारा तिकडून आला की भातालाही कडू वास यायचा. आम्ही सवय करून घेतली होती. रुमालावर लाल डाग दिसायला लागले तेव्हा मी हेच म्हटलं, रंग आहे. हेही म्हणाले, "खोकलो की आतला रंग बाहेर पडतो, बरंच आहे." त्यांनी ते चेष्टेनं म्हटलं आणि मी ते खरं धरलं.

रंगाचे कपडे धुवायची माझी पद्धत ठरलेली. कढत पाणी, सोडा, आणि दगडावर आपटायचं. तरी रंग पुरता जायचा नाही, फिका व्हायचा इतकंच. एका मंगळवारी घरातलं रॉकेल संपलं होतं. पाणी तापवायला काही नाही, म्हणून रुमाल मी नुसते गार पाण्याच्या बादलीत टाकले आणि भांडी घासायला बसले. परत आले तर बादलीतलं पाणी गढूळ तांबडं झालेलं, आणि रुमाल पांढरेस्वच्छ.

मी तिथंच मोरीत बसले. गार पाण्यानं काय जातं आणि काय जात नाही हे कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही. कारखान्याचा रंग कढत पाण्याला दाद देत नव्हता, तो बादलीत दहा मिनिटांत सुटेल होय? मी इतके दिवस सोड्यानं काय धूत होते?

संध्याकाळी हे आले तेव्हा मी एवढंच म्हटलं, "गुरुवारी कामावर जायचं नाही. तुम्ही माझ्याबरोबर येणार आहात." ते वाद घालायला लागले. मी ओरडले. आमच्या लग्नात मी ह्यांच्यावर इतक्या मोठ्यानं ओरडले नव्हते. मग त्यांनी दोरीवरच्या पांढऱ्या रुमालांकडे पाहिलं आणि वाद सोडून दिला. मला वाटतं, त्यांना आधीपासून ठाऊक होतं.

गुरुवारी आम्ही दोघं ओट्यावर जाऊन बसलो. रांगेत एवढ्या बाटल्या आणि त्यात एकच जिवंत माणूस, तेही खोकत. बायका बघत होत्या. मावशी म्हणाली, "बाय, ह्यो तुजा मानूस? किती सुकला हाय गो." मी तिला गप्प केलं. नऊ वाजले, दहा वाजले. अकराला कुणीतरी सायकलवरून बातमी आणली की पुलावर टँकर आडवा झालाय, पलीकडचं काही येत नाही. कंपाउंडरनं मला खिडकीशी बोलावलं. "डॉक्टर आज नाहीत. मागचंच भरून देतो. कसं आहे?"

"कसं आहे म्हणजे? समोर बसलेत, बघा ना!" मी म्हटलं.

"मी बघून काय करू, बाई? मी डॉक्टर आहे का?" तो म्हणाला. वाईट माणूस नव्हता तो. त्याच्या मागे तीस बाटल्या होत्या. "जास्त लिहू का? मग सोमवारी पेशंटला घेऊन या."

पेशंट आणलेलाच होता. तरी त्यानं "जास्त" लिहिलं, मिक्श्चर भरलं, आठ खाचांची पट्टी डकवली आणि पुढची बाटली उचलली. घरी येताना हे दोन वेळा रस्त्यात थांबले. पाटी होती त्या गवताशी बसून घेतलं त्यांनी, हॉस्पिटलच्या जागेवर. म्हणाले, "आलो बघ इथपर्यंत." मला तेव्हा त्यांचा इतका राग आला, आणि पाटीचा, आणि त्या टँकरचा, आणि कुणावर काढू ते कळेना.

तुम्ही म्हणाल, त्याच दिवशी पलीकडे का नाही नेलं? पूल बंद होता ना. आणि शुक्रवारी, शनिवारी? मोठ्या हॉस्पिटलात चिठ्ठीशिवाय बाकावर बसवून परत पाठवतात असं सगळे सांगायचे. चिठ्ठी डॉक्टर देणार, डॉक्टर सोमवारी येणार. आम्ही सरळ माणसं, रांग मोडायची नाही हे अंगात भिनलेलं. ते चार दिवस मी आठ डोस मोजून पाजले, पट्टीवरच्या खाचा बघत. रुमाल गार पाण्यात टाकायची. सोडा लागलाच नाही.

सोमवारी डॉक्टर आले. आमची बाटली ओट्यावर ठेवून आम्ही दोघं आत गेलो. त्यांनी ह्यांच्या पाठीला नळी लावली, वर, मग खाली, मग पुन्हा वर. मग कार्ड हातात घेतलं आणि वाचायला लागले. कमी. कमी. कमी. कमी. दोन्ही बाजू भरल्या होत्या, फक्त शेवटी गुरुवारचं "जास्त", आणि खाली त्यांच्याच सह्या.

"हे कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

हे बोलणार होते, त्यांना खोकला आला.

"मी," मी म्हटलं.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या सह्यांकडे. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी चिठ्ठी लिहिली आणि म्हणाले, "घरी जाऊ नका. इथूनच पलीकडे जा." आम्ही तसेच बसस्टॉपवर गेलो. बाटली ओट्यावर राहिली ती मला पूल ओलांडल्यावर आठवली. मी म्हटलं, जाऊ दे.

हॉस्पिटलात जागा मिळाली ती दोन कॉटांच्या मध्ये, जमिनीवर. तिथल्या एका तरुण डॉक्टरनं विचारलं, "चार महिने औषध चालू होतं ना?" मी हो म्हटलं. "मग कुणी छातीचा फोटो काढायला सांगितलं नाही?" मी चिठ्ठी पुढे केली. दोन दिवस हे बरे बोलत होते. बुधवारी संध्याकाळी म्हणाले, शिफ्टवर कळवायला हवं होतं, खाडा लागेल. गुरुवारी सकाळी एक उबळ आली आणि थांबलीच नाही. मी उशाचा पंचा धरला होता. तो पांढरा होता, हॉस्पिटलचा. त्यावर रंग म्हणण्यासारखं काही नव्हतं.

साडेआठच्या सुमाराला हे गेले.

सगळं उरकून मी शुक्रवारी दुपारी घरी आले. माझा भाऊ बरोबर होता, तो खाली टॅक्सीवाल्याशी बोलत होता. दार उघडून मी आत टेकते तोच जिन्यात पावलं वाजली आणि मावशी दारात आली. तिला काही ठाऊक नव्हतं. कोण सांगणार, आणि कसं? घाम पुसत, हसत ती आत आली आणि पदराखालून बाटली काढली. लाल चिंधीची.

"सोमवारी ईसरलीस ना बाय? मी घरी नेऊन ठेवली. काल सकाली माज्या बाटलीसंगं लावली. पयला नंबर तुजा, दुसरा माजा." तिला भारी समाधान वाटत होतं. "साडेआठला खिडकी उगडली. कंपाउंडर बोलला, कसा हाय मानूस? आता तू न्हाय, तर उगाच बाकावर बसवायचा मला. मी सांगितलं, कमी हाय."

मी तोंड उघडलं. ओरडायला उघडलं होतं, सगळा राग तिच्यावरच काढणार होते मी. पण ती वाक्यं माझीच होती. चार महिने तिनं माझ्या शेजारी उभं राहून ऐकलेली. मी बाटली हातात घेतली. काठोकाठ भरलेली होती, गुलाबी, आणि वर नवी पट्टी. तिच्यावर मोजून आठ खाचा होत्या, सोमवारपर्यंतच्या.